रानमरव्याचा कागद

त्या रविवारी अगाथी अंगणात बसून अक्रोड फोडत होती आणि तोंडाने लेकीच्या केसांचा समाचार घेत होती.

“हे काय गं, एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड? न्हाव्याची वीज गेली का मध्येच?”

“असेच कापतात आता, आई.”

“कापत असतील. आपल्याकडची मेंढीही कधीकधी अशी दिसते. पण ती मध्येच पळालेली असते.”

मेल्पो हसली आणि आईसमोरच्या बुट्टीतला अक्रोड उचलून तोंडात टाकला. हिरव्या सालींनी अगाथीची बोटं काळी पडली होती. दर ऑक्टोबरात ती अशी काळी व्हायची आणि नाताळापर्यंत तशीच राहायची. लहानपणी मेल्पोला वाटायचं, थंडी आली की सगळ्यांच्याच आयांचे हात काळे होतात.

शनिवारी संध्याकाळी यानिना शहरातून गाडी काढायची, वळणं घेत डोंगर चढायचा, आईच्या हातची, रानभाजी भरून भाजलेली पिटा खाऊन झोपायचं, रविवारी तळघरात जाऊन ढेपा बघायच्या आणि दुपार कलली की परत. दोन वर्षं हाच क्रम होता. त्या दिवशीही त्यात काही वेगळं नव्हतं. पुढे मेल्पोने तो दिवस कितीदा उलटून पालटून पाहिला, पण त्याला कुठे चीर गेलेली दिसली नाही.

“आधी खाऊन घे. मग जा तुझी लेकरं बघायला,” अगाथी म्हणाली.

लेकरं म्हणजे चीजच्या ढेपा. अगाथी मेंढीच्या दुधाचं चीज करायची. तिची आई करत होती, सासूही करत होती. गावात असं चीज करणाऱ्या आणखी काही बायका होत्या आणि सगळ्यांचा माल गावची सहकारी संस्था विकायची. ढेपा खडकात खोदलेल्या तळघरात लाकडी फळ्यांवर मुरायच्या आणि बाजारात जाताना मेणात बुडवल्या जायच्या किंवा प्लास्टिकात आवळल्या जायच्या. मेल्पोला हे दोन्ही नको होतं. ती यानिनाच्या एका प्रयोगशाळेत अन्नाच्या वेष्टनांवर काम करत होती. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेला एक पातळ पापुद्रा ती करायची आणि त्यात रिगानीचं तेल मिसळायची. रिगानी म्हणजे त्याच डोंगरउतारावरचा रानमरवा. जूनच्या शेवटी गावच्या बायका उन्हं तापायच्या आत तो कापून आणत, संस्थेच्या तांब्याच्या भट्टीवर त्याचं तेल निघे, आणि तेव्हा अख्ख्या गावाला ओव्यासारखा झणझणीत वास येई. त्या वासापुढे बुरशी टिकत नाही. काचेच्या बशीत तर अजिबात टिकत नाही, हे मेल्पोने इतक्यांदा पाहिलं होतं की तिला आता त्याचं कौतुकही राहिलं नव्हतं. खऱ्या चीजवर काय होतं ते बघायचं होतं, आणि ते तिने आईवर सोपवलं होतं.

गावात त्याला मेल्पोचा कागद म्हणत. कागद म्हणजे पिशव्याच होत्या, कडा गरम पट्टीने चिकटवून शिवणीसारख्या बंद केलेल्या. पहिल्या वर्षीच्या ढेपा सहा महिने त्या पिशव्यांत राहिल्या आणि उघडल्या तेव्हा सालीवर एक डाग नव्हता. त्यावर मेल्पोने लिहिलं, ते छापून आलं, आणि तिला इटलीतल्या पालेर्मोच्या परिषदेचं बोलावणं आलं. तिथे पुढच्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाने शांतपणे विचारलं होतं, “मेंढीच्या चीजमध्ये चरबी फार. ती तुमचं तेल पिऊन टाकत नाही? मग बुरशीसाठी काय उरतं?” मेल्पोने उत्तर दिलं होतं, “माझ्या आईच्या तळघरात या आणि स्वतः बघा.” सभागृह हसलं होतं. टाळ्याही झाल्या होत्या.

जेवण झाल्यावर दोघी तळघरात उतरल्या. म्हणजे मेल्पो उतरली. अगाथी पायरीवरच उभी राहिली, एप्रनला हात पुसत.

“बघ. एक डाग नाही,” ती वरून म्हणाली.

खरंच नव्हता. पारदर्शक कागदाआडून ढेपांची साल जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर, कोरडी, स्वच्छ दिसत होती. मेल्पोने एकेक ढेप उजेडाकडे धरून पाहिली, फोटो काढले.

“तू काही लावत नाहीस ना यांना?” तिने विचारलं. तिला शंका नव्हती. विचारायचं म्हणून ती दर वेळी विचारायची.

“मी काय लावणार? हात लावू नको म्हणालीस. आठवड्याला उलटवते, बस.”

“आणि उघडत नाहीस.”

“बाई गं, पोलीस झाली असतीस तर पगार तरी जास्त मिळाला असता. चल वर, गार पडलंय.”

दुपारी गाडीत अक्रोडांची पिशवी, पिटाचं अर्धं ताट आणि कुणासाठी तरी विणलेले मोजे कोंबून झाले. अगाथीने गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाली, “हळू जा. वळणावर फोनवर बोलू नकोस.” मेल्पोने मान हलवली. तिचं लक्ष अर्धं फोटोंत होतं.

मंगळवारी सकाळी लाम्ब्रिनी मावशीचा फोन आला. अगाथी चुलीपाशी पडली होती. शेजारी धावले, गाडी निघाली, पण दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवरच सगळं संपलं.

*

पुढचे दिवस मेल्पोने नेटाने काढले. दफन, पाद्रीबाबा, काळे कपडे, लोकांचे हात. कुणी विचारलं तर ती म्हणायची, मी ठीक आहे. ती खोटं बोलत नव्हती. आपण ठीक आहोत की नाही हे तिला खरोखरच कळत नव्हतं. परत जाऊन ती कामाला लागली. काम हीच एक गोष्ट अशी होती जिच्यात आई अजून होती. त्या ढेपा, त्यांची साल, ते सहा महिने. संस्थेने त्या वर्षीचा सगळा मुरलेला माल मेल्पोच्या कागदात बांधायचं ठरवलं होतं. पहिला ट्रक अथेन्सला, दुसरा जर्मनीला. मेण वितळवायची कढई विकूनही टाकली होती.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी ती दोन दिवस आधी, शुक्रवारी गावी आली. घर गार होतं. तिने चूल पेटवली आणि मग, वरच्या खोलीत जाणं टाळायचं म्हणून, तळघरात गेली.

दिवा लावल्यावर तिला आधी वाटलं की कागदाला आतून ओल धरली आहे. तिने पहिली ढेप उचलली. कागदाआड हिरवट-करडी लव दाटून आली होती, जुन्या भिंतीवर येते तशी. दुसरी, तिसरी, फळीवरची शेवटची. एकही सुटली नव्हती. एका ढेपेवर तर कागदच आतून वर उचलला गेला होता.

तिने प्रयोगशाळेतल्यासारखा विचार करायला सुरुवात केली. तेल त्याच भट्टीचं. कागद त्याच गुंडाळीचा. तळघर तेच, गारवा तोच. भिंतीवरचा पारा तिने वाचला. महिना-सव्वा महिन्यापूर्वी याच ढेपा स्वच्छ होत्या, हे तिच्या फोनमध्ये होतं. मग बदललं काय? ती फळीला टेकून उभी राहिली आणि उत्तर तिच्यापाशी असूनही तिला सापडेना.

लाम्ब्रिनी मावशी पिटासाठी चीज न्यायला आली. अगाथीची धाकटी बहीण. रुंद, दम लागणारी, पायऱ्यांवर नेहमी उलटी उतरणारी. तिने फळीकडे पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

“अरे देवा. गेल्यापासून कुणी पुसलंच नाही वाटतं यांना.”

“काय पुसलं नाही?”

“ढेपा गं. अगाथी पुसायची ना दर गुरुवारी. मिठाच्या पाण्यात घरची दारू, त्सिपुरो, थोडी टाकून, फडक्यानं. माझ्या लक्षातच नाही आलं. म्हणजे आलं होतं, पण मला गुडघ्यांनी...” मावशी बोलता बोलता थांबली. मेल्पोचा चेहरा तिने आत्ता नीट पाहिला होता.

“कुठल्या ढेपा, मावशी?”

“सगळ्याच.”

“या? कागदातल्या?”

मावशी पायरीवर बसली. बसायला तिला बराच वेळ लागला, आणि तो तिने आणखी थोडा लावला.

“मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, तूच सांगितलंयस.”

“मी तिला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं.”

“हो का,” मावशी म्हणाली आणि पुन्हा म्हणाली, “हो का.”

मेल्पोने ढेप दिव्याखाली धरली. पिशवीच्या कडेला तिच्या यंत्राची शिवण हवी होती, बारीक रेघांची, सरळ. ती कापून टाकलेली होती. तिच्या आत दुसरीच शिवण होती. थोडी वाकडी, एका ठिकाणी तपकिरी करपलेली. दर वेळी आधीची कापून नवी घातलेली. पिशव्यांना तिने मोठी मोकळी कड ठेवली होती, कापून नमुने काढता यावेत म्हणून. ती कड बोटभरच उरली होती. इतके महिने मेल्पोने साल पाहिली होती, कडेकडे पाहिलंच नव्हतं.

“कशानं चिकटवायची ती?”

“इस्त्रीनं. मध्ये पिटा भाजताना खाली घालतात तो कागद ठेवून, हलक्या हातानं. चर्चचे पडदे इस्त्री करायची तशीच. आधीची इस्त्री जड होती, कागद जळायचा. मग झीसिसनं यानिनाहून छोटी आणून दिली, प्रवासातली.”

झीसिस म्हणजे संस्थेचा अध्यक्ष.

“म्हणजे झीसिसकाकांना माहीत होतं.”

“पोरी, गावात काय लपतं? गुरुवारी दुपारी इथून त्सिपुरोचा वास यायचा. लोक म्हणायचे, अगाथीची मेजवानी चाललीय.” मावशी हसायला गेली आणि ते जमलं नाही. “पहिल्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात बुरशी आली होती. रडकुंडीला आली होती ती. म्हणाली, पोरगीनं पाच वर्षं घातलीत यात. हे पडलं तर ती उठायची नाही. आणि दुसरंही होतं, तुला खरं सांगते. बुरशीची ढेप तिच्या तळघरात? तिच्या हातची? तिला झोप आली असती का? आमच्या आईनं आम्हाला चालायच्या आधी फडकं धरायला शिकवलंय. डाग दिसला की हात जातोच. तू हात लावू नको म्हणालीस, पण कुणाला म्हणालीस ते तरी बघायचं.”

मेल्पोने ढेप जागेवर ठेवली आणि सवयीने लेबल पुढे येईल अशी फिरवली.

नंतर, एकटी असताना, तिला सगळ्यात जास्त त्रास फोनचा झाला. दर गुरुवारी संध्याकाळी ती आईला फोन करायची. गुरुवारच. कसं आहे चीज? स्वच्छ. कसं आहे चीज? स्वच्छ, तुझं काय? आई ते सांगायची तेव्हा तिच्या हातांना अजून त्सिपुरोचा वास असणार. पालेर्मोहून तिने आईला फोन केला होता, सभागृहात सगळे हसले ते सांगायला, आणि आईही हसली होती, मोकळी, बराच वेळ. त्या हसण्याचं आता काय करायचं हे मेल्पोला कळेना. माणूस गेलं की त्याचं बोलणं तरी आपल्याकडे राहतं असं लोक म्हणतात. तिच्याकडे राहिलेलं बोलणं एकेक करून हातातून जात होतं. उरलेल्यातलं कुठलं खरं आणि कुठलं इस्त्री फिरवलेलं, हे सांगणारी एकच बाई होती आणि ती चर्चच्या मागे मातीत होती.

*

शनिवारी सकाळी ती संस्थेच्या गोदामात गेली. झीसिस खोक्यांवर नवी लेबलं लावून बघत होता, मान तिरकी करून, चित्र टांगतात तशी. मेल्पोच्या वडिलांच्या वयाचा. वडील गेल्यावर शाळेच्या फीपासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळ्यात लक्ष घातलेला माणूस.

“ये पोरी. कॉफी घेतेस? ही बघ, छान आलीत ना?”

लेबलावर रिगानीचं जांभळट फूल होतं आणि खाली छापलं होतं: सहा महिने टिकते.

“काका, हे पाठवू नका. कागद चालत नाही.”

“कुणी सांगितलं?”

“तळघरात जाऊन बघा. आणि इस्त्री तुम्हीच आणून दिली होतीत ना.”

झीसिसने लेबल खोक्यावर ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. मग दार लावून घेतलं.

“बस. न बसताच ऐकणार? बरं. तुझा कागद चालतो. तीन आठवडे मस्त चालतो. मी माझ्या घरी ठेवून बघितलंय. पण आमचं चीज पडलं लोण्यासारखं, ते तेल पितं. म्हणजे अगाथीच म्हणायची तसं. मला काय कळतंय. पण गिऱ्हाईक तीन आठवड्यांत ढेप संपवतो की नाही?”

“इथे सहा महिने लिहिलंय.”

“ते आम्ही नाही लिहिलं. सहा महिने तू म्हणालीस. छापून आलं, तुझा फोटोसुद्धा आला. आम्ही फक्त तुझं ऐकलं.”

मेल्पो त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बोलण्यात कुठेही खोट नव्हती.

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“आईनं सांगू नको म्हटलं. आणि खरं सांगू? चांगलंच चाललं होतं. यानिनाची शिकलेली पोरगी आपल्या रिगानीवर काम करते, पेपरात गावाचं नाव येतं. बायकांना भाव मिळायला लागला. कुणाचं वाईट झालं, सांग.” तो खुर्चीवर बसला आणि आवाज खाली आणला. “आता तू उद्या उठून बोललीस, तर लोक तुला नाही नावं ठेवणार. बाहेर गेलेली माणसं चुकतात, त्यांना कोण विचारतंय. अगाथीला ठेवतील. जर्मनीवाले म्हणतील, एका म्हातारीनं फसवलं. चाळिसावा आहे तिचा. तिचं नाव काय करायचं ते तुझ्या हातात आहे, पोरी. मी काही म्हणत नाही.”

*

दुपारी घरात गहू उकडला. मावशीने तो चाळणीत निथळून पांढऱ्या चादरीवर पसरला आणि दोघी समोरासमोर बसून दाणे मोकळे करू लागल्या. उद्या चर्चमध्ये वाटायचा प्रसाद तो. वरून भाजलेलं पीठ, साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे.

“झीसिसकडे गेली होतीस म्हणे,” मावशी म्हणाली.

“हं.”

“त्याचं मनावर घेऊ नकोस. तो लहानपणापासून तसाच. आमच्या शाळेत याची पाटी फुटली तर रडायचं दुसऱ्यानं.” ती थोडा वेळ गहू पसरत राहिली. “पण एक ऐकतेस का? उद्याचा दिवस जाऊ दे. सोमवारी काय ते लिहून कळव, यानिनाहून. उद्या तिचा दिवस आहे.”

“सोमवारी सकाळी ट्रक निघतोय, मावशी.”

“मग निघू दे. जग चीजनं नाही मरत.”

“आजारी पडतं.”

“बुरशी दिसली की कापून टाकतात आणि खातात. आपण नाही खात?”

“आपण खातो. जर्मनीतल्या बाईला सांगितलंय की सहा महिने काही होणार नाही. ती तिच्या पोराला देईल.”

मावशीने चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. मग गव्हाकडे बघतच म्हणाली, “तिनं तुझ्यासाठी केलं गं.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

मेल्पोला सांगायचं होतं की म्हणूनच. परक्याने केलं असतं तर तिने त्याला शिव्या दिल्या असत्या आणि रात्री झोपली असती. पण हे प्रेमाने केलेलं होतं, आणि प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागावायला घरात जागा नसते. सगळ्या खुर्च्यांवर आधीच कुणीतरी डोळे पुसत बसलेलं असतं. ती बदाम सोलत राहिली.

*

रविवारी प्रार्थना झाली, थडग्यावर धूप झाला, आणि लोक चर्चशेजारच्या सभाघरात आले. लांब टेबलावर कॉफी होती, खडखडीत टोस्ट होते, छोट्या पेल्यांत ब्रँडी होती. मधोमध गव्हाचं ताट, साखरेच्या थरावर चंदेरी साखरगोळ्यांचा क्रूस, आणि त्यामागे अगाथीचा फोटो. मावशीने निवडलेला. त्यात ती कुणावर तरी टीका करायच्या बेतात होती.

लोक एकेक करून ताटाशी येत, कागदी पुडीतला गहू घेत, मेल्पोचा हात दाबत आणि म्हणत, “देव तिला क्षमा करो.” हे म्हणायचंच असतं, कुणी संत असला तरी त्याच्यासाठीही हेच म्हणतात. मेल्पो दर वेळी मान लववत होती.

मग झीसिसने चमचा पेल्यावर वाजवला.

“दोनच शब्द. अगाथी आपल्यातून गेली, पण तिचं काम जात नाहीये. संस्थेनं ठरवलंय, या वर्षीच्या प्रत्येक ढेपेवर तिचं नाव येईल. अगाथी. फक्त एवढंच. आणि ती तिच्याच लेकीच्या कागदात जाईल. यापेक्षा चांगलं स्मारक कुठलं?”

लोक हलक्या आवाजात बरं म्हणाले. दोन-तीन बायकांनी डोळे टिपले. झीसिसने मेल्पोकडे पाहिलं. नजरेत धमकी नव्हती. उलट माया होती, काल सांगितलेलं ही शहाणी मुलगी समजली असेल अशी.

“नका लावू तिचं नाव,” मेल्पो म्हणाली.

ती हळू बोलली होती. मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाली. त्यामुळे तिला पुन्हा बोलावं लागलं आणि या वेळी ती उभी राहिली.

“ढेपांवर आईचं नाव लावू नका आणि त्या माझ्या कागदात पाठवू नका. कागद तीन आठवडे टिकवतो. सहा महिने टिकवत नाही. आमच्या तळघरातल्या ढेपा स्वच्छ राहिल्या त्या आई दर गुरुवारी पिशव्या कापून पुसायची म्हणून. आता ती नाही आणि सगळ्यांवर बुरशी आहे. हे मी सोमवारी यानिनाला प्रयोगशाळेतही सांगणार आहे आणि जिथे छापून आलं तिथेही कळवणार आहे. सगळा माल मेणात घालून पाठवता येईल. कढई मी शोधून देते.”

कुणी दचकलं नाही. ते तिने पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं; होता तो संकोच, घरातली गोष्ट कुणी परक्यासमोर काढावी तसा. खोलीत परकं असं कुणीच नव्हतं. असलंच तर ती एकटीच. दारापाशी बसलेला एक म्हातारा पेल्यात बघत पुटपुटला, “गेलेल्या माणसाविषयी...” आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. झीसिस चमचा हातात घेऊन तसाच उभा होता. त्याने तो हळूच टेबलावर ठेवला.

“आजच, पोरी?” तो म्हणाला. “आजच बोलायचं होतं?”

“उद्या ट्रक निघाला असता, काका.”

लाम्ब्रिनी मावशी तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिने गव्हाची एक पुडी मेल्पोच्या हातात दिली आणि तिची बोटं पुडीवर मिटवली, लहान मुलाला पैसे देतात तसं.

“झालं ना बोलून? आता तू पण म्हण. अजून म्हणाली नाहीस. देव तिला क्षमा करो म्हण आणि बस.”

हे खरं होतं. इतक्या दिवसांत ते शब्द तिने सगळ्यांकडून घेतले होते आणि स्वतः एकदाही उच्चारले नव्हते. मेल्पो ताटाकडे वळली. फोटोतली अगाथी तिच्याकडे बघत होती, ओठ किंचित दाबलेले, काहीतरी तोंडावर आलेलं.

“आई, तू माझ्याशी खोटं बोललीस,” मेल्पो म्हणाली. आवाज चढला नाही. “दर गुरुवारी बोललीस. मी कामात हरले असते तर ते मला चाललं असतं. देव तुला क्षमा करो. मला अजून करता येत नाही.”